कानात सतत आवाज येतोय आणि डॉक्टर म्हणाले ‘सवय करून घ्या’: मग नेमकं काय करायचं?

विसर्जनाच्या दुसऱ्या रात्री मी आमच्या घराचा मेन स्विच बंद केला. त्याआधी फ्रिजचं बटण बंद करून पाहिलं होतं, मग इन्व्हर्टरचं, मग सेटटॉप बॉक्सचं. ती बारीक शीळ काही थांबेना. आई अंधारात उठून बसली. “अगं, काय शोधतेयस?” मी म्हटलं, “तुला ऐकू येत नाहीये? ट्यूबलाइटचा जुना चोक वाजतो तसं काहीतरी?” तिने क्षणभर कान दिला आणि म्हणाली, “काहीसुद्धा वाजत नाहीये.” तेव्हा मी दोन्ही कानांत बोटं घातली. आवाज आणखी स्पष्ट झाला.

सात वर्षं मी पुण्यातल्या एका पथकात ताशा वाजवायचे. कानात कधी काही घातलं नाही. त्या रात्रीला आता नऊ वर्षं झाली आणि शीळ अजूनही आहे. पहिल्या डॉक्टरांनी कानात बॅटरी मारून पाहिलं, “नसेचं आहे, याला इलाज नाही, सवय करून घ्या” म्हणाले आणि तीन महिन्यांच्या गोळ्या लिहून दिल्या. ऐकण्याची तपासणी सांगितली नाही. सवय कशी करायची तेही सांगितलं नाही. पुढचे आठ महिने मी जवळजवळ झोपले नाही.

त्यांचं वाक्य खोटं नव्हतं, अर्धवट होतं. सवय होते. पण बहुतेकांना ती पद्धतशीरपणे करून घ्यावी लागते, आणि त्याआधी आवाजामागे काढून टाकता येण्याजोगं कारण तर नाही ना, हे तपासावं लागतं. हे दोन्ही कसं करायचं ते मला कळलं त्या क्रमाने इथे लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. हे वाचून तुम्ही योग्य प्रश्न घेऊन योग्य दारात जावं, एवढंच हवं आहे.

आवाज येतो कुठून

कुणी याला कान वाजणं म्हणतं, कुणी गुणगुण, कुणी रातकिडे. डॉक्टर टिनिटस म्हणतात. आयुर्वेदातला शब्द कर्णनाद. सुश्रुतसंहितेत कानाच्या रोगांमध्ये तो नोंदलेला आहे. म्हणजे हा त्रास मोबाइलच्या काळात जन्मलेला नाही.

आतल्या कानात शंखासारखी वळलेली एक नळी असते. तिच्यात साधारण १५ हजार सूक्ष्म केसपेशी असतात. बाहेरच्या लहरींनी त्या हलतात आणि त्यातून विजेचा संदेश नसेवाटे मेंदूकडे जातो. उंच पट्टीचे सूर नळीच्या तोंडापाशी पकडले जातात, खर्जातले आत खोलवर. मोठ्या आवाजाने किंवा वयाने आधी झिजतो तो हा तोंडाजवळचा भाग. माणसात या पेशी मेल्या की पुन्हा उगवत नाहीत.

आता रेडिओ आठवा. लांबचं स्टेशन नीट लागत नाही म्हणून आपण आवाजाचं बटण पिळतो; गाणं तर येत नाहीच, खरखर मात्र वाढते. मेंदूचंही साधारण असंच होतं. ज्या पट्टीतून संदेश येणं कमी झालं, तिथे तो आपली संवेदनशीलता वाढवतो आणि नसांची एरवी न जाणवणारी आतली कुजबुज आवाज म्हणून ऐकू येऊ लागते. म्हणूनच शांत खोलीत, कानात बोटं घातल्यावर, किंवा मळाने कान बंद झाल्यावर तो वाढल्यासारखा वाटतो.

ही कुजबुज बहुतेक सगळ्यांमध्ये असते. १९५३ साली अमेरिकेत हेलर आणि बर्गमन यांनी नीट ऐकू येणाऱ्या ८० निरोगी माणसांना एकेक करून आवाजबंद खोलीत बसवलं. त्यातल्या ९४ टक्के लोकांनी कानात किंवा डोक्यात काही ना काही ऐकू आल्याचं सांगितलं. जगभरातल्या अभ्यासांचा २०२२ मध्ये एकत्र आढावा घेतला गेला, त्यानुसार सुमारे १४ टक्के प्रौढांना टिनिटस जाणवतो, पण तीव्र त्रास होतो तो सुमारे २ टक्क्यांना. या दोन आकड्यांमधलं अंतर मला फार महत्त्वाचं वाटतं. आवाज ऐकू येणाऱ्यांपैकी बरेच जण त्याच्यासोबत बरे राहतात. पुढचा सगळा खटाटोप त्यांच्यात जाऊन बसण्यासाठी आहे.

पहिली पायरी: ज्यात एक दिवसही थांबायचं नाही

सर्वात आधी हे तपासा.

एका कानाचं ऐकू येणं अचानक, तासाभरात किंवा दोन-तीन दिवसांत कमी झालं आणि सोबत आवाज सुरू झाला, तर ती तातडीची गोष्ट आहे. बरेच जण “सर्दीने दडे बसले असतील” म्हणून आठवडा घालवतात आणि पुढे पस्तावतात. आतल्या कानाच्या या आजारावर स्टेरॉइड देतात आणि त्यांचा उपयोग पहिल्या काही दिवसांत, फार तर पहिल्या दोन आठवड्यांत सुरू केले तर जास्त होतो. घरी एक ढोबळ चाचणी करून बघता येते. तोंड मिटून ‘म्‌म्‌म्’ असा हुंकार भरा. तो बंद वाटणाऱ्या कानात जास्त घुमला तर बहुधा मळाचा किंवा सर्दीचा अडथळा असतो. तो चांगल्या कानाकडे सरकला तर नसेच्या बाजूची इजा असण्याची शक्यता जास्त. चाचणी काहीही सांगो, त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवा.

दुसरं, आवाज धडधड-धडधड असा येतो का? मनगटावर नाडी धरा. ठेका जुळला तर तो रक्तप्रवाहाचा आवाज असू शकतो. रक्तक्षय, थायरॉइड, गरोदरपण, रक्तदाब अशी नेहमीची कारणं त्यामागे असतात. कधी मानेच्या रक्तवाहिनीतला अडथळा, कधी कवटीतला वाढलेला दाब. ही कारणं शोधली तर सापडतात आणि त्यातल्या पुष्कळांवर नेमके उपचार आहेत, म्हणून या आवाजाला “सवय करून घ्या” हे उत्तर कुणाकडूनही मान्य करू नका.

तिसरं, आवाज फक्त एकाच कानात, सोबत गरगरणं, चेहऱ्याची एक बाजू लुळी पडणं, कान वाहणं किंवा डोक्याला मार लागल्यानंतर सुरू झालेला आवाज, असं काही असेल तर.

आणि चौथं, या आवाजामुळे जगणंच नको वाटू लागलं असेल तर. असं वाटणारे तुम्ही एकटे नाही. घरातल्या एका माणसाला आजच सांगा आणि १४४१६ या ‘टेली-मानस’ क्रमांकावर फोन करा. ती सरकारची मोफत सेवा आहे आणि मराठीतही बोलता येतं.

दुसरी पायरी: आठवडाभर वही

वरचं काही नसेल तर डॉक्टरांकडे जाण्याआधी सात दिवस वही ठेवा. आवाज कसा आहे: शीळ, कुकरची वाफ, भुंगा, की टकटक? उजवीकडे, डावीकडे, की डोक्याच्या मधोमध? कधी वाढतो? मान वळवल्यावर, दात आवळल्यावर किंवा जबडा पुढे काढल्यावर बदलतो का? बदलत असेल तर जबड्याचा सांधा आणि मानेचे स्नायू यांचा त्यात हात असू शकतो. झोपेत दात खाणाऱ्यांमध्ये हे दिसतं, आणि दंतवैद्याकडून रात्री घालायची पट्टी आणि मानेचे व्यायाम यांनी त्यातल्या काहींना चांगला फरक पडतो.

चालू असलेल्या सगळ्या औषधांची नावं त्याच वहीत लिहा. मोठ्या मात्रेतलं ऍस्पिरिन, मलेरियाचं क्विनीन, जेंटामायसिन आणि अमिकासिनसारखी इंजेक्शनं, कर्करोगावरचं सिसप्लॅटिन, लघवी वाढवणारं फ्युरोसेमाइड यांचा कानावर परिणाम होऊ शकतो. क्षयरोगावर पूर्वी दिलेल्या काही इंजेक्शनांनी कित्येकांची श्रवणशक्ती गेली आहे. पण कुठलंही औषध मनाने बंद करू नका. हृदयासाठीची ऍस्पिरिनची छोटी गोळी तर अजिबातच नाही. त्या मात्रेत हा त्रास सहसा होत नाही. ज्यांनी औषध दिलं त्यांना विचारा.

तिसरी पायरी: कान दाखवणं, आणि घरातलं तेल

सर्वात सोपं कारण मळ. पडद्याला चिकटलेला घट्ट मळ काढला आणि महिन्यांची गुणगुण खुर्चीतून उठेपर्यंत थांबली, असं खरंच घडतं. तो डॉक्टरांकडूनच काढून घ्या. काडी, हेअरपिन, स्कूटरची किल्ली, कापसाची काडी यांनी मळ आतच जातो. रस्त्यावर कान साफ करणाऱ्यांकडेही जाऊ नका.

तेलाबद्दल इथे थांबून लिहायला हवं, कारण आपल्याकडे कान दुखला, वाजला, बंद झाला की पहिलं सुचतं ते लसणीचं कोमट तेल. कडक मळ मऊ करायला तेलाचे थेंब चालतात, डॉक्टरही देतात. पण पडद्याला भोक असेल तर तेच तेल मधल्या कानात उतरतं आणि कान वाहू लागतो. भोक आहे की नाही हे दुर्बिणीशिवाय कळत नाही. नसेच्या बाजूच्या टिनिटसपर्यंत तर तेल पोचतच नाही, ते पडद्याच्या अलीकडे राहतं. माझ्या आजीने प्रेमाने घातलेलं तेल मी नाकारलं तेव्हा तिला वाईट वाटलं होतं. तिला पडद्याचं चित्र काढून दाखवलं, मग पटलं.

मळ नसेल तर डॉक्टर मधला कान बघतात: सर्दीने साठलेलं पाणी, जुना संसर्ग, किंवा सर्वात आतलं छोटं हाड घट्ट बसून हलेनासं होणं. या शेवटच्या आजारात तरुण वयात ऐकू येणं कमी होत जातं, काही स्त्रियांमध्ये गरोदरपणात ते वाढल्याचं लक्षात येतं, आणि छोट्या शस्त्रक्रियेने ऐकणं बरंच सुधारतं. कानात दाटल्यासारखं वाटणं, घरघर, ऐकण्यात चढउतार आणि वीस मिनिटांपासून काही तासांपर्यंत चालणारी भोवळ असं एकत्र येत असेल तर मेनिएर्स या आतल्या कानाच्या आजाराचा विचार होतो. त्यात मीठ कमी करायला सांगतात आणि औषधं वेगळी असतात.

चौथी पायरी: ऐकण्याची तपासणी, आणि तो आलेख स्वतः वाचणं

माझ्या मते हा सगळ्यात महत्त्वाचा टप्पा आहे आणि सगळ्यात जास्त वगळला जाणाराही. ऑडिओमेट्री झाल्याशिवाय टिनिटसवर महिनोन् महिने गोळ्या खाऊ नका. मोठ्या शहरातल्या खासगी केंद्रांत ती होतेच. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या कान-नाक-घसा विभागांत आणि मुंबईत वांद्र्याच्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेतही होते.

बंद खोलीत हेडफोन लावून बसवतात. अगदी बारीक ‘टीप’ ऐकू आली तरी बटण दाबायचं असतं. स्वतःचीच शीळ मध्ये येत असेल तर तसं सांगा. तज्ज्ञ तुटक किंवा थरथरता सूर देऊन तपासतात, म्हणजे गोंधळ होत नाही. हातात येतो एक आलेख. आडव्या रेषेवर डावीकडून उजवीकडे २५० ते ८००० हर्ट्झ, म्हणजे खर्जाकडून तारसप्तकाकडे. उभ्या रेषेवर डेसिबल, आणि ते वरून खाली वाढतात. उजवा कान लाल गोल, डावा निळी फुली. खुणा २५ च्या रेषेच्या वरच्या बाजूला राहिल्या तर ऐकणं साधारण ठीक. जितक्या खाली, तितकं कमी.

माझ्या आलेखात सगळं वरच्या पट्ट्यात सरळ चाललेलं आणि ४००० पाशी एकदम खड्डा, ८००० ला पुन्हा थोडं वर. तज्ज्ञ बाईंनी पेनाचं टोक त्या खड्ड्यावर ठेवलं आणि विचारलं, “काय वाजवता?” मी सांगण्याआधी त्यांना कळलं होतं. मोठ्या आवाजाने झालेली इजा बहुतेकदा तिथेच दिसते. मग त्यांनी वेगवेगळे सूर ऐकवून माझ्या शीळेशी जुळवायला लावले, आणि शीळ त्याच खड्ड्याच्या आसपास निघाली. अकरा महिन्यांनी मला पहिल्यांदा वाटलं की हे माझ्या मनाचे खेळ नाहीत.

आलेख अगदी सरळ आला तरी “काही नाही” असं समजू नका. या चाचणीत न सापडणारी नसेच्या जोडांची इजा असू शकते. दोन्ही कानांत ठळक फरक असेल किंवा आवाज एकाच बाजूला असेल तर एमआरआय सांगतात, तो ऐकण्याच्या नसेजवळची गाठ वगळण्यासाठी. ही गाठ क्वचित आढळते, कर्करोगाची नसते आणि बहुधा सावकाश वाढते. घाबरून तपासणी टाळू नका.

पाचवी पायरी: सवय करून घेणं

रेल्वेरुळांशेजारी राहणाऱ्यांना लोकल ऐकू येत नाही. पाहुणा मात्र रात्रभर जागा असतो. गाडी तीच. फरक एवढाच की घरच्यांच्या मेंदूने ठरवून टाकलेलं असतं की या आवाजात आपल्यासाठी काही बातमी नाही. टिनिटसवरच्या चांगल्या उपचारांचं मूळ इथे आहे. आवाज बंद करण्यापेक्षा त्याला धोका समजणं बंद करायचं.

ऐकू कमी येत असेल तर पहिला उपाय श्रवणयंत्र. “एवढ्यात मशीन?” असं वाटतं, लग्नाच्या मुलीला तर घरचेच नको म्हणतात. पण हरवलेल्या पट्टीतले आवाज मेंदूला परत मिळाले की त्याला बटण पिळून ठेवायची गरज उरत नाही, आणि बऱ्याच जणांची गुणगुण मागे पडते. पूर्ण बहिरेपणात कॉक्लियर इम्प्लांटनेही, म्हणजे शस्त्रक्रियेने आतल्या कानात बसवलेल्या यंत्रानेही, अनेकांचा टिनिटस कमी होतो.

दुसरं, शांतता टाळा. रात्री खोली गपगार ठेवणं हे मी केलेली सर्वात मोठी चूक. पंखा चालू द्या, पावसाचा आवाज लावा. मला उपयोगी पडला तो मोबाइलवरचा तानपुरा, काळी चार, उशापासून हातभर अंतरावर. आवाज किती ठेवायचा याला महत्त्व आहे: शीळ पूर्ण बुडेल इतका नको. शीळ आणि तानपुरा एकमेकांत मिसळतील, दोन्ही ऐकू येतील, इतपतच. शीळ झाकून टाकली तर मेंदूला तिच्याकडे दुर्लक्ष करायचा सराव मिळतच नाही. पावेल यास्त्रेबॉफ यांनी १९९० च्या सुमारास मांडलेली पद्धत याच तत्त्वावर उभी आहे, आणि तीत महिने जातात, कधी वर्ष-दीड वर्ष.

तिसरं, ज्याला सर्वांत भक्कम पुरावा आहे ते सीबीटी, म्हणजे विचार आणि वागणं बदलण्याचे समुपदेशन. २०२० च्या कॉक्रेन आढाव्यात २८ अभ्यास आणि २७३३ लोक होते. सीबीटीने आयुष्यावरचा त्रास कमी होतो असं त्यात दिसलं. आवाजाची पट्टी बदलत नाही, पण त्याचं ओझं उतरतं. माझ्या वहीतलं एक पान असं आहे. घडलं काय: रात्री अडीचला जाग आली, शीळ मोठी. मनात आलं काय: “आता झोप गेली, उद्या ऑफिसात चुका होणार, हे असंच वाढत जाणार.” शरीराचं काय झालं: जबडा आवळलेला, छातीत धडधड. मग समोरच्या रकान्यात खरं काय ते लिहायचं: “गेल्या मंगळवारी चार तास झोपले होते, काम झालं होतं. आलेख दोन वर्षांत बदललेला नाही.” आधी हे पोरकट वाटलं. सहाव्या-सातव्या आठवड्यात लक्षात आलं की अडीचला जाग आली तरी मी वही न उघडताच कूस बदलते आहे. समुपदेशक निवडताना त्यांनी टिनिटस किंवा निद्रानाशाच्या रुग्णांबरोबर काम केलंय का, हे आधी विचारा.

त्रास किती हे मोजायला २५ प्रश्नांची एक प्रश्नावली असते, ० ते १०० गुणांची. सुरुवातीला आणि दर तीन महिन्यांनी भरा. रोज आवाज मोजत बसलात तर तो वाढलेलाच वाटेल.

चहा-कॉफी सगळ्यांनी सोडायची गरज नाही. तुमच्या वहीत त्यांचा संबंध दिसला तरच कमी करा. झोपेची वेळ मात्र ठरलेली हवी.

कशावर पैसे घालवू नयेत

टिनिटस बरा करणारं मान्यताप्राप्त औषध आजवर नाही. म्हणून ‘२१ दिवसांत कायमचा आराम’ देणारे थेंब आणि चूर्णं कितीही छान डबीत आली तरी घेऊ नका. अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्ये गिंको, झिंक, मेलाटोनिन यांची शिफारस करू नये असं म्हटलं आहे, आणि ब्रिटनच्या २०२० च्या सूचनांनुसार निव्वळ टिनिटससाठी बेटाहिस्टीन हे भोवळीवरचं औषध देऊ नये. आपल्याकडे मात्र चिठ्ठीवर ते सर्रास असतं, सोबत मिथाइलकोबालामिन, म्हणजे बी-१२ जीवनसत्त्व. बी-१२ खरंच कमी असेल तर ते जरूर घ्या. रक्त तपासून मग. आणि “ही गोळी नेमकी कशासाठी, किती दिवस?” हे विचारायला संकोचू नका. नैराश्य किंवा तीव्र चिंता असेल तर तिच्यावरची औषधं वेगळी गोष्ट आहे, ती टाळू नका.

जीभेवर सौम्य विद्युतस्पंदनं आणि कानात आवाज एकत्र देणाऱ्या एका उपकरणाला अमेरिकेत २०२३ मध्ये परवानगी मिळाली. ते महाग आहे आणि वरच्या पायऱ्यांना पर्याय नाही.

उरलेलं ऐकणं सांभाळणं

८५ डेसिबलचा आवाज आठ तास, ही साधारण सुरक्षित मर्यादा धरतात. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. १०० डेसिबलला उरतात पंधरा मिनिटं. पथकाच्या मधोमध आवाज सहज १०० च्या वर जातो आणि आम्ही तिथे तासन् तास असायचो. इचलकरंजी, मालेगाव, भिवंडीच्या यंत्रमागांवर माणसं रोज मोठ्या आवाजात पाळी करतात. मीटर नसेल तर ही खूण पुरे: हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागत असेल तर कानात काहीतरी घालायलाच हवं. हेडफोनवर आवाज साठ टक्क्यांच्या आत ठेवा.

कापसाचा बोळा काही कामाचा नाही. मेडिकलमध्ये फोमचे इअरप्लग मिळतात, पण बहुतेक जण ते नुसते टोचून ठेवतात. स्वच्छ बोटांनी प्लग वळून काडीसारखा बारीक करा. डोक्यावरून विरुद्ध हात नेऊन कानाचा वरचा भाग वर आणि मागे ओढा, नळी सरळ होते. प्लग आत सरकवा आणि फुगेपर्यंत तीस सेकंद बोटाने धरून ठेवा. स्वतःचा आवाज घुमल्यासारखा वाटला की नीट बसला. नेहमीच्या बाजारहाटात, घरात मात्र प्लग घालून फिरू नका. कान आणखी हळवे होतात.

मी ताशा सोडलेला नाही. आठवड्यातून एकदा नदीपात्रात सरावाला जाते, लय कळेल पण आवाज कमी येईल असे वादकांचे प्लग घालून. नव्याने आलेल्या मुलामुलींना टिपरू हातात देण्याआधी डोक्यावरून हात नेऊन कान कसा ओढायचा ते शिकवते. सरावाच्या पहिल्या दिवशी त्यातच अर्धा तास जातो.